बाकाची रिकामी बाजू

मी एक जुना बाक आहे. पुढच्या खोलीत, खिडकीखाली माझी जागा. मित्रांनो, माझा रंग केव्हाच उडाला आहे आणि एका टोकाला एक खिळा डोकं वर काढून बसला आहे. घरी कोणी आलं तर मला सोडून खुर्ची ओढून घेतं.

पण माझा जन्म मोठ्या हौसेचा. मला घडवणाऱ्या सुताराचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. त्याच्याकडे मदतनीस नव्हता, फळी आवळून धरायचा शिकंजाही नव्हता. फळी हलू नये म्हणून त्याची बायको एका टोकावर बसायची आणि दुसऱ्या टोकाला तो करवत चालवायचा. "अहो, मी बायको आहे की वजन?" ती विचारायची. तो हसायचा, आणि करवतीची रेघ तरीही सरळ जायची.

संध्याकाळी दोघं माझ्यावर बसून कपड्यांवरचा भुसा झटकत आणि दिवसभराचं बोलत. पुढे मधे त्यांची लेक बसू लागली. तेव्हा माझी एवढीशी फळी कशी भरून जायची!

लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली आणि घरातलं बोलणंही जणू तिच्याबरोबर गेलं. सुताराने हाक मारली की बायको येऊन फळीवर बसायची, कापून झालं की मुकाट्याने उठायची. कधी ती म्हणाली, की हल्ली घरात मन लागत नाही, तर दुसऱ्या दिवशी तो खिडकीला नवी कडी बसवायचा. एकटं वाटतं म्हणाली, तर स्वयंपाकघरात भांड्यांसाठी नवी मांडणी आली. माझ्यावर जुनी वर्तमानपत्रं साठली.

आईचा फोनवरचा आवाज ऐकून लेकीने दोघांसाठी एक समुपदेशक बाई शोधल्या. त्या लॅपटॉपच्या पडद्यावरून भेटायच्या. स्टुलावर लॅपटॉप आला, माझ्यावरची रद्दी हलली आणि किती वर्षांनी ती दोघं माझ्यावर बसली. मी आतून मोहरलो. पण बसली ती दोन टोकांना.

"मला दोन अर्धी माणसं दिसताहेत," बाई म्हणाल्या. "जरा जवळ सरकता का?"

पाहुण्याला जागा करून द्यावी तशी दोघं जेमतेम सरकली. मग बायको पडद्याकडे बघतच म्हणाली, "ताई, यांना सांगा, मला मांडणी नको होती. मला बोलायचं होतं." सुतार आपल्या हातांकडे पाहत राहिला. त्याच आठवड्यात ती बॅग भरून लेकीकडे गेली. परत यावंसं वाटलं तर येईन, एवढंच म्हणाली.

भेटी मात्र थांबल्या नाहीत. आता पडद्यावर बायको वेगळ्या चौकटीत दिसायची. सुतार माझ्यावर आपल्याच टोकाला बसायचा. बाई म्हणाल्या, मधे बसा, अर्धेच दिसताय.

"ती तिची बाजू आहे," तो म्हणाला.

बाईंनी त्याला विचारलं, दुरुस्त करता येत नाही असं काही आहे का? असेल तर ते बायकोला सांगा. तो पडद्यावरच्या बायकोकडे वळला.

"तू गेल्यापासून एकही फळी सरळ कापली गेली नाही."

"मग शिकंजा आणा की. बाजारात मिळतो."

"आणलाय. फळी हलत नाही. पण समोर कोणी नसतं."

"इतकी वर्षं हे सांगितलं का नाही?"

"तुला माहीत असेल असं वाटायचं. रोज समोरच बसायचीस ना."

ती चौकटीतून बाजूला झाली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. "माझ्या बाजूचा तो खिळा वर आलाय," ती म्हणाली. "त्याला हात लावू नका. मी तिथे असताना ठोका."

केव्हा येणार, ते तिने सांगितलं नाही.

मित्रांनो, मला नवा रंग नको, गादीही नको. तुमच्याही घरात एखादा बाक असेल, नाहीतर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन खुर्च्या असतील. त्यांच्यावर रद्दी साठू देऊ नका. जवळ बसलेल्या माणसाला सगळं माहीत असेल असं धरून चालू नका. ते माणूस हाकेच्या अंतरावर आहे तोवर सांगून टाका. मी लाकूड आहे, मला वाट पाहणं जमतं. माणसांचे त्यात फार हाल होतात.

दाराशी एखादी गाडी थांबली, की सुतार हातातली करवत खाली ठेवतो. गाडी पुढे निघून जाते. मग तो फडकं घेऊन माझी रिकामी बाजू पुसतो, खिळ्याभोवती जरा जपून, आणि आपल्या टोकाला येऊन बसतो.