मनाने कच्ची

अकोल्याच्या मैदानावर शेवटची शिट्टी वाजली तेव्हा अमरावतीच्या मुली एका गुणाने हरल्या होत्या, आणि जमलेल्या सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं: चारुशीला धांडे.

नाव तसं सकाळपासूनच होतं. सन त्रेसष्टचा डिसेंबर, वऱ्हाडातल्या मुलींच्या कॉलेजांची बास्केटबॉल स्पर्धा, त्यातली उपांत्य फेरी. दर्यापूरच्या वकिलाची ही एकोणीस वर्षांची मुलगी चेंडू घेऊन निघाली की तिला अडवणारं कुणी नाही, हे अकोलेकरांनीही ऐकलेलं होतं. त्या दिवशीही अमरावतीचे निम्म्याहून जास्त गुण तिचेच होते. पण शेवटी काय झालं? अमरावती एका गुणाने पुढे, अर्ध्या मिनिटाचा खेळ बाकी, चेंडू चारुशीलाच्या हातात आणि समोर बास्केटपर्यंत वाट मोकळी. अशा वेळी ती धावता धावता थबकली. अकोल्याच्या एका ठेंगण्या पोरीने मागून येऊन चेंडू हिसकावला, ती पोरगी तीरासारखी पलीकडे गेली आणि तिने तो बास्केटमध्ये टाकला.

"घाबरली!" दोरीपाशी उभा असलेला एक माणूस म्हणाला. "इतका खेळ खेळली अन् ऐन वेळी पाय गळाले पोरीचे."

अमरावतीच्या खेळाच्या बाई सरोजिनी कारंजकर बाकापासून चालत तिथवर येऊन पोचल्या होत्या. त्या तशाच पुढे गेल्या. चारुशीला थबकली त्याच्या क्षणभर आधी आपण घसा फोडून ओरडलो होतो, "थांब! मारू नको! धरून ठेव!" हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आपण पुढे आहोत, तेवढा वेळ काढला की झालं, असं त्यांना वाटलं होतं. पोरगी ऐकून थांबली आणि सामना गेला. पण त्या गदारोळात आपलं ओरडणं कुणाच्या कानावर गेलेलं दिसत नाही, हे ध्यानात आलं तेव्हा बाईंना हायसं वाटलं. पुढे त्यांना जी काही लाज वाटली, त्यात या हायसं वाटण्याची लाज सगळ्यात खोल होती.

सरोजिनीबाई काही वाईट बाई नव्हत्या. चौतिशीच्या, एकट्या, अंबापेठेत आईजवळ राहणाऱ्या. मुलींना मैदान मिळावं म्हणून त्यांनी चार वर्षं कॉलेजात भांडणं केली होती. पोरींच्या खेळाला बाई कशाला, एखादा तालमीतला माणूस नेमा, असं म्हणणारे कॉलेजच्या मंडळाचे सभासद अजूनही होते. संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत आला होता. तिथे बाईंच्याच ओरडण्याने हरला, असं एकदा कुणी म्हटलं असतं तर पुढचं सगळं अवघड होतं. हे सगळं खरं होतं. तरी त्यामुळे काही झाकलं जात नव्हतं.

संध्याकाळी यजमान कॉलेजाने दोन्ही संघांना जेवण दिलं. अमरावतीच्या मुली डोळे पुसत भाताचे घास चिवडत होत्या. चारुशीला मात्र आपलं ताट उचलून अकोल्याच्या पंगतीत त्या ठेंगण्या पोरीच्या शेजारी जाऊन बसली. "तू आलीस कोणत्या बाजूनं, मले तर दिसलीच नाहीस," असं तिने विचारलं, तेव्हा ती पोरगी उठून पाण्याचा तांब्या चेंडूसारखा हातात घेऊन दाखवायला लागली. तांब्यातलं पाणी वाढणाऱ्या बाईंच्या अंगावर सांडलं. दोघी पोट धरधरून हसल्या.

सरोजिनीबाईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या घशाखाली घास उतरत नाही आणि ही हसते! त्या क्षणी तो राग त्यांना फार उपयोगी पडला. हरल्याचं हिला काहीच नाही, ही मुळातच वरवरची आहे, असं त्या मनाशी घोकत राहिल्या. बडनेऱ्याला गाडीतून उतरेपर्यंत त्यांचा त्यावर जवळजवळ विश्वास बसला होता.

सोमवारी प्राचार्य मोरोपंत पुसदकरांनी त्यांना खोलीत बोलावलं. विद्यापीठाच्या संघासाठी नागपूरला सरावाचं शिबिर भरायचं होतं आणि कॉलेजातून एकच नाव पाठवायचं होतं. मुलगी पाठवायची तर घरची परवानगी हवी, म्हणून चारुशीलाचे वडील रविकांतराव धांडे हेही येऊन बसले होते. कोर्टाच्या कामासाठी ते अमरावतीला आलेच होते. अंगात काळा कोट, गुडघ्यावर टोपी. मंडळाचे दोघे सभासदही होते.

"बाई, खेळ आम्ही पाहिला नाही," मोरोपंत म्हणाले. "ऐकलं ते असं, की मुलगी शेवटी कचरली. नागपूरला पाठवण्याजोगी आहे का? तिची मनोवृत्ती कशी काय आहे, ते तुम्हीच सांगू शकाल."

खरं सांगण्याची याहून सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. एक वाक्य पुरलं असतं.

"हातपाय चांगले आहेत तिचे," सरोजिनीबाई म्हणाल्या. "पण मनाने कच्ची आहे. ऐन वेळी गळते. आणि हरल्याचं दुःखही नाही तिला. त्याच संध्याकाळी अकोल्याच्या मुलींबरोबर खिदळत होती. ज्याला हार लागत नाही त्याला पुढे नेऊन काय करायचं?"

बोलताना आवाज ठाम आला, याचं त्यांनाच नवल वाटलं. सभासदांनी माना डोलावल्या. रविकांतराव उठले. त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, नमस्कार केला आणि म्हणाले, "बरं झालं तुमी सांगितलं. आमालेही घरी ठरवायचंच होतं."

काय ठरवायचं होतं, ते बाईंना त्या आठवड्याच्या शेवटी कळलं. चारुशीला सरावाला आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. शनिवारी बाईंनी रमाला विचारलं. रमा संघातली सगळ्यात उंच पोरगी, चारुशीलाची वसतिगृहातली जोडीदार.

"चारूले तिच्या बाबांनी दर्यापूरले नेलं," रमा खाली बघत म्हणाली. "पेटीबिटी सगळी घेऊन. अचलपूरचे लोक पाहायले येऊन राहिले म्हणते."

"पाहायला? आणि परीक्षा?"

"तिची आत्या कधीची मागं लागली होती, पोरीले खेळात पाठवू नका म्हणून. बाबाच आजपर्यंत ऐकत नव्हते." मग एकदम रमाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा तिले सगळं बोलले. बाई, तुमी पुसदकर सरांजवळ तसं काहून सांगितलं? थांब म्हणून तुमीच तर ओरडल्या होत्या. मी तिच्या बाजूलेच होती. बाकावरच्या पोरींनीही ऐकलं."

सरोजिनीबाईंनी विचारलं, "मग तुम्ही कुणी बोलला का नाहीत?"

"चारूच नाही म्हणाली. बाईले लोक घालवून देतील, मग आपल्याले मैदान कोण देईन, असं म्हणाली."

रमा निघून गेली. मैदानावर बाकीच्या मुली चेंडू एकमेकींकडे टाकत होत्या. म्हणजे या सगळ्यांना माहीत होतं. आठवडाभर या पोरी रोज 'हो बाई', 'आले बाई' करत आपल्यापुढे उभ्या राहत होत्या आणि त्यांना सगळं माहीत होतं. बाईंना वर बघवेना. डोकं दुखतं म्हणून त्या घरी गेल्या आणि आईला म्हणाल्या, उद्या मला दर्यापूरला जायचं आहे.

रविवारची एस.टी. कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत रखडत गेली. धांडे वकिलांचं घर कुणीही दाखवलं असतं. ओसरीवर वकिलांची थोरली विधवा बहीण केशरबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. चारुशीलाची आई गेल्यापासून घर त्यांच्याच हातात होतं.

"खेळाच्या मास्तरीणबाई का तुमी?" त्या म्हणाल्या. "या, बसा. तुमचे उपकार झाले बाप्पा. मी म्हनून म्हनून थकली, भाऊ ऐकतच नव्हता. तुमी एका शब्दात काम केलं."

बाईंना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविकांतराव बाहेर आले तसं त्या पाणीसुद्धा न घेता बोलायला लागल्या. ओरडले ते मीच. मुलगी थांबली ती माझं ऐकून. त्या दिवशी खोलीत मी खोटं बोलले. त्यांनी सगळं सांगितलं.

रविकांतराव ओसरीच्या कडेला बसले.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं मी लगेच मानलं. साक्षीदाराले दहा प्रश्न विचारणारा माणूस मी, तुमाले एकही विचारला नाही. रोज घरात कटकट होती. मलेही सुटायचं होतं. तुमी कारण दिलं, मी उचललं. तेव्हा सगळा दोष मी तुमच्यावर टाकत नाही."

"मग तिला परत पाठवा."

"अचलपूरच्या लोकांच्या कानावर गेलं आहे, पोरगी मनानं कच्ची आहे म्हणून. तेही विचारून राहिले, काही दुखणं आहे का. गोष्ट चार भिंतीत राहत नसते. तुमी इथं माझ्या ओसरीवर सांगता, हे चांगलं करता. पण जिथं म्हणालात तिथं म्हणा. त्याच माणसांपुढं."

चारुशीला दारात येऊन उभी होती. साडी नेसलेली, पायांत जोडवी नसली तरी बाईंना ती एकाएकी कुणाची तरी सून दिसली. त्यांनी तिला जवळ बोलावलं. ती आली, पण बसली नाही.

"चारू, मी चुकले."

"हाव," ती म्हणाली.

बाईंना वाटलं होतं ती 'असं काय बाई' म्हणेल, रडेल, निदान नजर चुकवेल. तिने सरळ बाईंकडे पाहिलं.

"तुमी ओरडल्या त्याचं काही नाही. मीही तुमच्या जागी असती तर ओरडली असती. खेळात होते तसं. पण हरल्याचं मले दुःख नाही असं तुमी म्हणाल्या. मी रातभर झोपली नाही, रमाले विचारा. त्या पोरीजवळ गेली ते शिकायले गेली. ती डाव्या हातानं कशी घेते ते पाहायचं होतं मले. अन् हसली म्हणून... हसायचं पण नाही का बाई?"

केशरबाईंच्या हातातल्या शेंगा तेवढ्या कटकट मोडत होत्या.

मंगळवारी त्यांनी मोरोपंतांना गाठलं आणि त्या दोघा सभासदांना बोलवा म्हणून हट्ट धरला. मोरोपंत समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, दुसऱ्या मुलीचं नाव गेलं नागपूरला. आता कशाला? तुम्ही फार मनाला लावून घेता. आपण दोघांतच ठेवू." एवढं ऐकून गप्प बसणं किती सोपं होतं! क्षणभर बाईंचे पाय दाराकडे वळलेही. पण त्या वळल्या तशा परत फिरल्या.

सभासद आले. सरोजिनीबाईंनी उभं राहून सांगितलं. या वेळी आवाज ठाम आला नाही. त्यांनी पदर मुठीत धरला होता. "मनाने कच्ची मी निघाले," असं काहीसं ठरवून आलेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालंच नाही. "ती घाबरली नाही. मी घाबरले. आधी मैदानावर आणि मग इथे," एवढंच त्या म्हणाल्या.

एक सभासद खाकरला. दुसरा, तालमीतल्या माणसाची बाजू घेणारा, म्हणाला, "म्हणजे आम्ही म्हणत होतो ते खरं." मोरोपंतांनी त्याला हाताने थांबवलं आणि दर्यापूरला स्वतः जाऊन येण्याचं कबूल केलं. नागपूरच्या शिबिरात मात्र जागा उरली नव्हती. त्या वर्षी विद्यापीठाचा संघ चारुशीलाविनाच खेळला.

बाईंना काढलं नाही. काढलं असतं तर बरं, असं त्यांना पुष्कळदा वाटलं. रोज त्याच मुलींपुढे शिट्टी गळ्यात अडकवून उभं राहायचं, यापेक्षा ते सोपं होतं. अचलपूरची सोयरीक बारगळली. ती प्राचार्यांच्या सांगण्याने मोडली की दुखण्याच्या त्या शंकेने, हे कुणालाच नीट कळलं नाही, आणि केशरबाईंनी त्याचा बोल बाईंनाच लावला. या सगळ्यात अभ्यास बुडाला आणि मार्चच्या परीक्षेला चारुशीला बसली नाही. तिचं वर्ष गेलं ते गेलंच.

जुलैत कॉलेज उघडलं तेव्हा वकिलांनी मुलीला परत पाठवलं. पहिल्या सरावाला चारुशीला आली, एका वर्षाने लहान मुलींच्या वर्गातून. तिने वेणी वर बांधली आणि कुणाशी फारसं न बोलता कडेने धावायला लागली. सरोजिनीबाई मैदानाच्या टोकाला उभ्या होत्या. रात्रभर काय बोलायचं याची त्यांनी किती तरी जुळवाजुळव केली होती. ती धावत समोर आली तेव्हा त्यातलं काहीच आठवेना.

"मुरूम ओला आहे अजून," त्या म्हणाल्या. "जपून वळ."

"हो बाई," चारुशीला म्हणाली आणि पुढे गेली. त्या दिवशी दोघींत तेवढंच बोलणं झालं.