भिंत कुणी हलवली?

मी एक जुना ओळंबा आहे. भिंत सरळ उभी आहे की कलली आहे, हे गवंडी ज्याने पाहतात, तोच मी. दोरीच्या खालच्या टोकाला पितळेचा जड गोळा, म्हणजे मी, आणि वरच्या टोकाला माझ्याच रुंदीचा लाकडी ठोकळा. ठोकळा वर भिंतीला टेकवायचा आणि मला खाली सोडायचे. मी भिंतीला जेमतेम शिवलो तर भिंत सरळ. मधे फट राहिली तर ती पुढे झुकली. काम सोपे आहे, पण मित्रांनो, त्यापायी माझा स्वभाव कायमचा बिघडला. समोर काहीही उभे दिसले, की ते वाकडेच असणार असे मला आधी वाटते.

मला घडवणाऱ्या ओताऱ्यानेही पितळेत काहीतरी मिसळले असावे, असा माझा जन्मापासूनचा संशय आहे. त्याच्याकडून मला एका मिस्त्रीने घेतले. तेव्हा तो तरणाबांड होता. आम्ही दोघांनी शाळा उभ्या केल्या, दवाखाने उभे केले, एक उंच धुराडेही उभे केले. "ओळंबा म्हणेल ते खरं," असे मिस्त्री सगळ्यांना सांगायचा. ऐकून मी सुखावायचो आणि लगेच मनात यायचे, हा आज इतका गोड का बोलतोय?

मग लेसरची लाल रेघ मारणारी यंत्रे आली. मी पिशवीच्या तळाशी गेलो. मोडक्या थापीच्या शेजारी पडून पडून माझ्यावर हिरवा गंज चढला. मला वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

आणि एके दिवशी मिस्त्रीने मला चिंचेने घासून लख्ख केले. गावाच्या जुन्या भागात एका अरुंद गल्लीत तीन मजली दगडी इमारत होती. ती दुरुस्त करायची की पाडायची, असा वाद पेटला होता. नगरपालिकेच्या इंजिनिअर बाईंचे यंत्र मांडायला त्या गल्लीत जागाच नव्हती, म्हणून माझी आठवण झाली. बाईंनी ठरवून टाकले, वर्षभर अधूनमधून ओळंबा लावायचा. भिंत जागची हलली नाही तर डागडुजी. हलली तर पाडायची आणि राहणाऱ्यांना गावाबाहेर, लिफ्टच्या इमारतीत घर द्यायचे.

राहणारी दोनच माणसे उरली होती. तळमजल्यावर पुस्तक-बांधणीचे दुकान चालवणारे काका, आणि तिसऱ्या मजल्यावर त्या दोघांचे घर सांभाळणाऱ्या काकू. काकांचा जीव त्या इमारतीत अडकला होता. "मला इथून हलवलंत तर मी जगायचो नाही," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पाडकामाचा एक ठेकेदारही रोज गल्लीतून चक्कर मारायचा आणि भिंतीकडे बघून चुकचुकायचा. त्याला पाहताच मी ओळखले, इथे पाणी कुठेतरी मुरतंय.

दर वेळी जागा तीच हवी, म्हणून मिस्त्रीने ठोकळा काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी अडकवूनच ठेवला. मी मात्र त्याच्या पिशवीतून ये-जा करायचो. पहिल्या खेपेला मी भिंतीला अलगद शिवलो. दुसऱ्या खेपेलाही तसेच. तिसऱ्या खेपेला मात्र माझ्या आणि दगडाच्या मधे फट! जाडजूड नाणे सहज आत जाईल एवढी.

काकांचा चेहरा पांढरा पडला. मी मात्र खवळलो. ती भिंत हलली नव्हती, हे मला दोरीतून कळत होते. मग लबाडी कुणाची? ठेकेदाराची असणार! की बाई त्याला सामील आहेत? त्या फट बघून हळहळल्या, पण हळहळ काय कुणालाही दाखवता येते. मग मिस्त्रीने वर जाऊन ठोकळा सोडवून आणला. तो दोरीवरून माझ्यावर घसरत आला आणि त्याला औषधी मलमाचा वास येत होता. मलम कोण लावते? कंबर धरून चालणारा माझा मिस्त्री! कुंपणानेच शेत खाल्ले की काय, या विचाराने मी दोरीवर गरगर फिरलो. वाऱ्याने फिरतोय, असे लोकांना वाटले.

"हे त्या ठेकेदाराचंच काम आहे," काका ओरडले. "रात्रीचा येऊन पाया उकरत असेल मेला!"

"पाया मी बघितलाय, काका. शाबूत आहे. म्हणजे गडबड वरच असणार," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मान वर करून खिडकीकडे पाहिले. "ठोकळा पुन्हा वर न्या. मीही येते. आतापर्यंत मी वर गेलेच नाही."

जिना अंधारा आणि उभा होता. मिस्त्रीच्या हातात मी, मागे बाई, त्यांच्या मागे काका. दुसऱ्या मजल्यावर बाईंना धाप लागली. तिसऱ्यावर त्या कठड्याला धरून उभ्याच राहिल्या. स्वयंपाकघरात काकू खुर्चीवर बसल्या होत्या, दोन्ही गुडघ्यांवर औषधी पट्ट्या. बाईंनी ठोकळा उलटा केला आणि भिंतीकडच्या बाजूवरून नख फिरवले. चार घड्यांची तशीच पट्टी, लाकडाच्याच रंगाची, निघून हातात आली.

बाईंनी ती सगळ्यांसमोर धरली.

"मीच लावली," काकू म्हणाल्या.

"तू?" काका मटकन खाली बसले. "अगं, पण का?"

"लिफ्ट मिळेल म्हणून. तुम्ही खाली पुस्तकं बांधता आणि म्हणता, ही इमारत म्हणजे माझा जीव. वर्षानुवर्षं पाणी चढवलं मी. किराणा चढवला मी. गेल्या हिवाळ्यापासून मी रस्त्यावर उतरलेले नाही, लक्षात तरी आलं का तुमच्या? बहिणीला नात झाली, ती बघायला गेले नाही. उतरले असते, पण चढले नसते."

मला माझीच लाज वाटली. गावभर चोर शोधत होतो, आणि जिच्या खिडकीला लटकत होतो तिच्याकडे एकदाही नीट पाहिले नव्हते.

बाईंनी पट्टी हळूच काकूंच्या हातात ठेवली. "भिंत हललेली नाही, एवढंच मी लिहीन. पण काकू, दुरुस्तीत तुम्हाला काय हवं ते सांगा. हे मी आधी विचारायला हवं होतं."

काकूंनी काकांकडे पाहिले. काकांनी बराच वेळ त्या गुडघ्यांकडे पाहिले.

"घर खाली आणि दुकान वर," शेवटी काकाच म्हणाले. "चढेन की मी."

आता इमारत दुरुस्त झाली आहे. मिस्त्रीने काम सोडले आणि मला तळमजल्याच्या खिडकीत टांगून दिले. मित्रांनो, जुन्या इमारती जरूर जपा. माझ्यासारखी जुनी हत्यारेही पुसून, जपून ठेवा. पण एखादी भिंत राखायची म्हणून भांडायला निघालात, तर आधी तिच्या आतला जिना एकदा चढून या.

संध्याकाळी काकू दारात खुर्ची टाकून बसतात आणि गल्लीतल्या प्रत्येकाशी बोलतात. काल काका कागदाचा गठ्ठा वर ठेवून कण्हत खाली आले. जिन्याच्या पायथ्याशी थांबले आणि गुडघा चोळू लागले.

"ऐकलंस का, त्यातली एखादी पट्टी उरलीय का गं?"

"ओळंब्याला विचारा," काकू म्हणाल्या, आणि उठून पट्टी आणायला आत गेल्या.