मशिदीची लाकडं

“भिंतीला बोट लावलंत तर तंगडी तोडीन!”

कोळ्यांच्या मोहल्ल्यातल्या मातीच्या जुन्या मशिदीपुढे बामोय कुदळ घेऊन ठाण मांडून बसला होता. तो तिचा पिढीजात गवंडी. एकाच्या भिंतीला दुसऱ्या गवंड्याने त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा गावचा रिवाज. त्यामुळे दुरुस्तीसाठी राजधानीहून आलेल्या इंजिनीअर बाईंनी कामाला लावलेले गवंडी सकाळपासून सावलीत चहा ढोसत होते.

“म्हातारा अंडी उबवतोय,” त्यांच्यातला याल्फा म्हणाला. हा गावातलाच, बामोयचा जुना वैरी. “पिल्लं निघाल्याशिवाय उठायचा नाही.”

“तुझ्या बापाला चिखल मळायला मी शिकवलं, गाढवा!”

शेवटी इमाम आले. तेही चिडलेलेच होते.

“भिंतीचं पोट सुटलंय, बामोय. पाऊस पंधरा दिवसांवर आलाय. माणसं दबून मेली तर कबरी तू खणशील?”

“मोहल्ल्याला म्हणावं, दुसरीकडे नमाज पढा.”

“मी त्याच भिंतीशी उभा राहणार. उद्याही.”

बामोयला हक्काची कसली पडली होती! त्याला भीती होती ती भिंतीच्या पोटात काय सापडेल याची. पण हा हट्टी माणूस खरंच तिथे उभा राहील, हे तो ओळखून होता. तो उठला आणि त्याने स्वतःच कुदळ घातली.

माती ढासळली. भिंतीला बांधून ठेवणारी ताडाची लाकडं आरपार हवी होती. इथे आतून वीतभर तुकडा, बाहेरून वीतभर तुकडा, मधे नुसती माती.

“उंदरांनी खाल्ली वाटतं?” याल्फा मोठ्याने हसला.

“मी खाल्ली,” बामोय म्हणाला. “बावीस वर्षांपूर्वी. माझ्या माडीच्या छपरात आहेत. आणून देतो.”

मग याल्फा पुढे झाला आणि त्याने बामोयच्या हातातली कुदळ काढून घेतली.

“आणून दे आणि चालता हो. आजपासून ही भिंत माझी. तुझ्या पोरांनीही इकडे फिरकायचं नाही.”

बामोय पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती. माडीवर हावोय, त्याची बायको, अंथरुणं गुंडाळत होती.

“बावीस वर्षं तुम्ही मला अल्लाच्या चोरीखाली निजवलंत?”

तिने गाठोडं उचललं आणि ती बहिणीकडे निघून गेली. बामोयने छपराला शिडी लावली. शिडी हलत होती. ती धरायला खाली कोणी नव्हतं. तो तसाच चढला.