रुखमाबाईचं कडं

जाफरने कड्याभोवती अंगठ्याचं नख फिरवलं. जोड कुठेच लागेना. कोण्या जुन्या कारागिराने बोटभर जाड पितळ लहानग्या रुखमाच्या पायावरच मिटवलं होतं, आणि असं मिटवलं होतं की तीस वर्षं फाटकं-खिडक्या जोडत आलेल्या जाफरला आपलं सारं काम कच्चं वाटलं.

रुखमाबाईला धानाच्या बांधीत साप चावला होता. इंजेक्शन देऊन झालं होतं. पण पाय पोटरीपर्यंत सुजला होता आणि कडं आत रुतत चाललं होतं. पुराने भामरागडचा रस्ता बंद, तीन दिवस वीज नाही. करिश्मा सिस्टरने तिच्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं. ते पांढरंच राहिलं.

"जाफरभाऊ, कापा हे. नाई त पाय जाते."

"सिस्टर, मी लोखंड कापतो. माणसाच्या पायावर मशीन कधी नाई चालवली."

"मग कोण चालवते? मी?"

दवाखान्याचं शटर दुरुस्त करायला आला आणि तो इथेच अडकला होता. त्याच्या बॅटरीवाल्या ग्राइंडरवर चार्जिंगच्या तीन दिव्यांपैकी एकच उरला होता. कडं सुटायचं तर दोन जागी कापायला हवं.

सिस्टरने जीभ दाबायची स्टीलची पट्टी दिली. तेल लावून त्याने ती कडं आणि कातडी यांच्यामध्ये सरकवली. चैतू, तिचा म्हातारा नवरा, पाण्याचा गडवा घेऊन उकिडवा बसला.

चकती फिरू लागली. जाफरने ती कड्याजवळ नेली आणि बटण सोडलं.

"काऊन भेते रे बापू?" रुखमाबाई म्हणाली. "पाय त माहा आहे."

सिस्टरला हसू फुटलं. जाफरने गॉगल सारखा केला आणि चकती टेकवली.

ठिणग्या उडाल्या नाहीत. लोखंड आगीसारखं उडतं. हे पितळ पिवळी भुकटी होऊन ओल्या फडक्यावर निमूट पडत राहिलं. जरा टेकवायचं, उचलायचं. चैतूने पाण्याची धार सोडायची, पितळ चर्रर् करायचं, पुन्हा टेकवायचं. रुखमाबाईचा पाय तसूभरही हलला नाही. जाफरने शिकंज्यात धरलेले पाइप थरथरताना पाहिले होते. हा पाय थरथरत नव्हता.

पट्टी काढून दुसऱ्या बाजूला घातली. चकतीचा आवाज जड होत गेला. लाल दिवा लुकलुकला. जाफरने मनात अल्लाचं नाव घेतलं आणि मशीन थांबली त्याच क्षणी टक् आवाज झाला.

कडं दोन तुकडे होऊन फडक्यावर पडलं.

सिस्टरने नख दाबून सोडलं. वाट पाहिली. हळूहळू गुलाबी रंग चढत आला.

"आला," ती म्हणाली आणि भिंतीला टेकली.

जाफर मात्र कड्याच्या जागी पाहत राहिला. सुजलेल्या, सुरकुतलेल्या, उन्हाने काळवंडलेल्या पायावर दोन बोटं रुंदीची कातडी उघडी पडली होती. वळ उमटलेली, पण कोवळी, उजळ. सात-आठ वर्षांच्या पोरीची.

चैतू पुढे वाकला. त्याच्या हातातला गडवा कलंडला तरी त्याला कळलं नाही.

"हे मीनं बी नाई पाह्यलं कधी," तो म्हणाला.

रुखमाबाईने घाईघाईने लुगड्याचा काठ पायावर ओढला. इतका वेळ न हललेली ती बाई लाजून भिंतीकडे वळली होती.

जाफरने गॉगल काढला, मान खाली घातली आणि मशीन न उचलताच पाय न वाजवता बाहेर गेला.