चोराची सही बरोबर होती

सोमवारपासून स्पॅम संपणार, असं आमच्या भाऊजींनी जाहीर केलं. ते इंटरनेट कंपनीत मेलचा विभाग सांभाळतात, म्हणून सासूबाईंनी लगेच मान डोलावली. माझी मान तशी चटकन डोलत नाही.

"वहिनी, फाटकच बसवलंय," भाऊजी म्हणाले. "मेलवर पाठवणाऱ्याची डिजिटल सही हवी, म्हणजे नाव खरं असल्याचा पुरावा, शिवाय त्याचा पत्ता बदनाम नको. नाहीतर मेल थेट कचऱ्यात."

सही माझ्याकडे होती. दुर्मीळ रक्तगटाच्या लोकांना मी मेलनं जोडून ठेवते, शिवणयंत्राशेजारच्या माझ्याच कॉम्प्युटरवरून. पण इंटरनेटवर माझ्या पत्त्याशेजारी कुणी भामटा येऊन बसला होता आणि त्याच्यापायी माझ्यासकट अख्खी आळी बदनाम झाली होती. हे मी भाऊजींच्या कानावर घातलं.

"मग मोठ्या कंपनीत खातं उघडा."

"माझ्या माणसांची नावं मी कुठल्याही कंपनीला देणार नाही."

"तुमचा हट्ट," ते म्हणाले. हट्ट तर हट्ट.

बुधवारी दुपारी हॉस्पिटलातून फोन आला. एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता आणि रक्तपेढीत तिच्या गटाची एकही पिशवी नव्हती. मी सगळ्यांना मेल टाकला. एरवी लगेच कुणीतरी "निघालो" म्हणतं. त्या दिवशी सगळीकडे सामसूम. फोन लावले, तर अनोळखी नंबर म्हणून कुणी उचलेना. त्यांना तरी काय बोलू, फसवणाऱ्यांनी माणसं पोळून काढली आहेत. माझा जीव टांगणीला लागला होता.

त्याच रक्तगटाचा एक माणूस घरातलाच होता, भाऊजी, पण ऑफिसात ते फोन उचलत नाहीत. मी चपला घातल्या आणि तडक भाऊजींच्या ऑफिसात त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

"माझा मेल बघितलात?"

"कुठला मेल?"

"कचरा उघडा."

त्यांनी उघडला. वरच होता माझा मेल: तातडीने रक्त हवे. भाऊजींचा चेहरा खर्रकन उतरला. आणि चांगल्या मेलमध्ये, अगदी पहिल्या ओळीत, कुणीतरी त्यांचं बक्षीस लागल्याबद्दल अभिनंदन करत होतं.

"हा बरा आत आला?"

"त्याची सही बरोबर आहे," भाऊजी पुटपुटले. "पत्ताही कोरा, कालच घेतलेला."

"म्हणजे चोरानं नाव खरं सांगितलं आणि तुम्ही त्याला पाट मांडून बसवलंत."

साहेबांना न विचारता भाऊजींनी माझ्या पत्त्याला फाटक उघडलं आणि खुर्चीवरचा कोट न उचलताच माझ्याबरोबर निघाले. टॅक्सीतून मी तोच मेल पुन्हा पाठवला. आमचे बहुतेक रक्तदाते भाऊजींच्याच कंपनीची गिऱ्हाईकं. हॉस्पिटल येईपर्यंत तिघांचं उत्तर आलं होतं. त्यांनी आणि भाऊजींनी रक्त दिलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि बाळंतीण वाचली म्हणाल्या. मी तिथेच बाकावर बसून रडले. तेवढ्यात भाऊजींचा फोन वाजला. साहेब होते, आणि त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. फाटक कुणी उघडलं? ताबडतोब बंद करा.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन मागायला हात पुढे केला, पण त्यांनी तो दिला नाही.

"मी उघडलं, साहेब," ते म्हणाले. "आणि मी ते बंद करणार नाही."