जोडीतली उरलेली खिडकी

मी एक जुनी लाकडी खिडकी आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात, रस्त्याकडच्या भिंतीत मला बसवलेले आहे. मित्रांनो, खिडकीला तिची हकिकत सहसा कोणी विचारत नाही. लोक आमच्यातून पलीकडे पाहतात, आमच्याकडे नाही. तुम्ही आज थांबलात, म्हणून सांगते. गोष्ट फारशी आनंदाची नाही, पण ऐकून ठेवण्यासारखी आहे.

आम्ही दोघी बहिणी होतो. एकाच ओंडक्यातून एकाच सुताराने आम्हाला घडवले. तो माणूस अबोल होता. रंधा मारून झाला की डोळे मिटून आमच्या अंगावरून तळवा फिरवायचा आणि कुठे खरखरीत लागले तर पुन्हा रंधा घ्यायचा. चौकटी भिंतीत बसवून झाल्यावर तो घरमालकाला एवढेच म्हणाला, की वर्षातून एकदा फटींना मेणबत्ती घासत जा, म्हणजे ओल्या दिवसांत झडपा अडकणार नाहीत. बहीण स्वयंपाकाच्या ओट्याजवळ बसली, मी बाहेरच्या खोलीत. मधे फक्त एक भिंत होती. वारा सुटला की तिची कडी वाजायची आणि मग माझी.

पुढे हे घर विकत घेऊन एक नवे जोडपे राहायला आले. रस्त्यावरची मुले त्यांना काका आणि काकू म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. काका पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होते. त्यांच्या बोटांना कायम खळीचा वास येई. काकू घरी बसून कपडे शिवत. त्यांनी शिलाई मशीन माझ्यासमोर मांडले, कारण सुईत दोरा ओवायला इथला उजेड चांगला. मुलांचा चेंडू माझ्या कठड्यावर येऊन पडे, तेव्हा काकू खोटे खोटे रागावत आणि नेम धरून तो परत टाकत.

आता त्या दोघांची एक रीत सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यामुळेच घडले. लग्न नवे होते, तेव्हा एकदा काकांच्या मामेभावासमोर दोघांचे माझ्या पडद्याच्या रंगावरून वाजले. मामेभावाने ती गोष्ट तिखटमीठ लावून साऱ्या नात्यात फिरवली. मग कुठल्याही कार्याला गेले की कोणीतरी विचारायचेच, "काय, पडद्याचा रंग ठरला का?" काकू इतक्या खजील झाल्या, की दोघांनी माझ्याजवळ उभे राहून ठरवले: तिऱ्हाइतासमोर एकमेकांचे बोलणे कधीही खोडायचे नाही. भांडायचे ते पाहुणा गेल्यावर.

आणि ते तसे भांडतही. पाहुण्याची पावले जिन्यावरून उतरली, की दोघे माझ्यापाशी येत. एक या झडपेला टेकून, एक त्या झडपेला. "तुम्ही कशाला हो म्हणालात?" "तूच आधी मान हलवलीस." असे घासूनपुसून झाले की मग खरा निर्णय होई. लोक म्हणत, या दोघांचे काय एकमत आहे. मला हसू येई. ते एकमत किती वेळा माझ्या कठड्यावर तयार झाले, ते मलाच ठाऊक.

तेव्हा काका दरवर्षी आम्हा दोघींना घासून रंग देत आणि मेणबत्ती फिरवत. घरी येणारा प्रत्येक जण म्हणे, किती हलकी उघडते ही खिडकी. मी त्या शब्दांनी फुगून जाई.

पण माणसेही जुनी होतात. काकांचे काम सुटले, त्यांचे हात थरथरू लागले. मुलगी लग्न होऊन दूर गेली. काकूंचे गुडघे इतके दुखू लागले, की दोन मजले उतरणे बंद झाले. मशीनवर झाकण पडले. काकू दिवसभर माझ्याजवळ खुर्ची टाकून बसत. खालचा रस्ता त्यांना माझ्यामुळेच दिसे. डॉक्टरांनी सांगितले होते, की गुडघ्याची शस्त्रक्रिया केली तर त्या पुन्हा चालू शकतील, मात्र फार लांबवू नका. दोघांनी त्यासाठी पैसे बाजूला ठेवले होते. थंडी ओसरली की जायचे, असे ठरले होते. काकू कधी कधी मुलांना वरूनच सांगत, "थांबा, खाली आले की दाखवते तुम्हाला चेंडू कसा टाकतात ते."

आमच्याकडे मात्र कोणाचे लक्ष उरले नाही. माझा रंग पोपडे धरून गळू लागला. खालच्या पट्टीत पाणी मुरून एक जागा मऊ पडली. मी तक्रार केली नाही. घरातली माणसेच दुखणाईत झाली होती, तिथे खिडकीने काय बोलावे?

अशातच एके दुपारी तो विक्रेता आला.

बूट चकचकीत, हातात बॅग, बॅगेत नव्या खिडकीचा कापलेला एक कोपरा. दार उघडताच त्याने काकांना बाबा आणि काकूंना आई म्हटले. फक्त मोफत तपासणी करायची आहे, दहा मिनिटे लागतील, असे तो म्हणाला. त्याने खिशातून लायटर काढून माझ्या फटीजवळ धरला. ज्योत आडवी झाली. मग त्याने पेचकस काढला आणि माझ्या त्या मऊ जागेत खुपसला. पेचकस आत गेला. आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"बाबा, ही झडप कधीही खाली येईल," तो म्हणाला. "खाली मुलं खेळतात ना?"

काकूंचा चेहरा उतरला. त्याने तो पाहिला.

मग त्याने दोन्ही खिडक्या बदलण्याचा एक आकडा सांगितला, तो ऐकून काका खुर्चीत मागे सरले. लगेच त्याने त्याच्या साहेबांना फोन लावला, हळू आवाजात विनवण्या केल्या आणि हसत फोन ठेवला. साहेबांनी खास या घरासाठी किंमत उतरवली होती, पण ती आजच्यापुरतीच. उद्या विचाराल तर त्याच्या हातात काही नाही. काका म्हणाले, विचार करून कळवतो. तो म्हणाला, विचार कसला, आईंच्या तब्येतीपेक्षा मोठे काही आहे का? दहा मिनिटांचे दोन तास झाले. चहा दोनदा झाला. काकू कप उचलून आत निघाल्या, तर "आई, तुम्ही कशाला त्रास घेता" म्हणत तोच कप घेऊन त्यांच्यामागे ओट्यापर्यंत गेला. काका उठले, तर त्यांच्याबरोबर उठला. मित्रांनो, नीट लक्षात घ्या. त्याने त्या दोघांना त्यांच्याच घरात एक क्षणही एकटे सोडले नाही.

आणि तिऱ्हाईत बसलेला असताना त्या दोघांची तोंडे बांधलेली होती.

काकांनी काकूंकडे पाहिले. त्यांना वाटले, हिला गार वारा सोसत नाही, हिला नवी खिडकी हवी असेल. काकूंना वाटले, यांनी ठरवलेलेच दिसते, आता परक्यासमोर कसे खोडू?

"हिची इच्छा असेल तर..." काका म्हणाले.

"यांना योग्य वाटत असेल तर..." काकू म्हणाल्या.

"बघा, याला म्हणतात एकमत," तो म्हणाला आणि त्याने पेनाचे टोपण काढले.

मला सगळे माहीत होते. काका एकटे असताना माझ्या चौकटीवर हात ठेवून किती वेळा म्हणाले होते, की तू टिक बाई, आधी हिचे गुडघे बरे होऊ देत. पण खिडकीला वाचा कुठे असते? वाऱ्याने कडी वाजली तेवढीच. दोघांच्या सह्या झाल्या, आगाऊ रक्कम म्हणून गुडघ्यासाठीचे पैसे गेले.

त्याची पावले जिन्यावरून उतरली. सवयीप्रमाणे दोघे माझ्यापाशी आले.

"तुला एवढी हवी होती, तर आधी सांगायचं," काका म्हणाले.

"मला?" काकू म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला हवीय."

इतकी वर्षे मी त्यांची भांडणे ऐकली होती. त्या संध्याकाळची शांतता मात्र मला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पहारी घेऊन माणसे आली. काका म्हणाले, आम्हाला जरा विचार करायचा आहे. त्यांच्यातला एक जण म्हणाला, आम्हाला काम उरकायला सांगितले आहे, एकदा काम सुरू झाले की करार मोडता येत नाही. आणि त्याने ओट्याजवळच्या माझ्या बहिणीत पहार घातली. भिंतीपलीकडून मी ते ऐकले. जुने लाकूड तुटते तेव्हा ते एकदम मोडत नाही, आधी कण्हते. तिची काच आत फुटली, चौकटीचे तुकडे जिन्यावरून घसटत गेले. भोकावर प्लायवूड ठोकून ती माणसे निघून गेली. नवी खिडकी येईल तेव्हा येईल, म्हणाले, आणि तेव्हाच माझीही पाळी येणार होती. स्वयंपाकाच्या जागेत त्या दिवसापासून दिवसाही दिवा लावावा लागतो.

काकांनी मुलीला फोन केला. ती आधी रागावली, मग रडली, मग ग्राहकांना मदत करणाऱ्या कचेरीत विचारून तिने पुन्हा फोन केला. घरी येऊन गळ्यात मारलेला करार ठरलेल्या मुदतीत मोडता येतो, काम सुरू केले म्हणून तो हक्क जात नाही, आणि मुदत अजून संपलेली नाही, असे तिला तिथे सांगितले होते. मात्र तोंडी सांगून चालणार नाही, लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. काकांनी चार ओळी लिहिल्या. करार रद्द करत आहोत, पैसे परत करा. जिन्याचा कठडा धरून उतरत ते स्वतः टपाल कचेरीत गेले. परत आले तेव्हा जरा ताठ चालत होते.

पत्र पोचले, आणि तो विक्रेता पुन्हा दारात उभा राहिला.

या वेळी तो हसत नव्हता. खुर्चीत बसून त्याने डोके हातांत धरले. या पत्रामुळे त्याची नोकरी जाईल, घरी लहान मुले आहेत, आईबाबांकडून त्याने अशी अपेक्षा केली नव्हती. एक खिडकी तर निघालीच आहे, उरलेली एवढी काढली की झाले, आणि तीही निम्म्या किमतीत. फक्त पत्र मागे घेतल्याच्या कागदावर सही हवी. काका मऊ मनाचे. दुसऱ्याची नोकरी आपल्यामुळे जाणार, हे त्यांना सहन होईना. पेन त्यांच्या हातात आले.

"बरं," ते हळूच म्हणाले. "एवढं म्हणतोय तर..."

काकू माझ्याजवळ बसल्या होत्या. त्यांचा हात माझ्या कठड्यावर होता. समोर तिऱ्हाईत होता. एवढ्या संसारात ती रीत एकदाही मोडली नव्हती.

"नाही," काकू म्हणाल्या. "यांचं चुकतंय. सही होणार नाही."

काकांनी वर पाहिले. तो चेहरा मी विसरू शकत नाही. कोणी भर रस्त्यात टोपी उडवावी, तसा तो झाला होता.

"आई, बाबांनी शब्द दिलाय," विक्रेता म्हणाला.

"त्यांचा शब्द मी जन्मभर राखला. आज नाही राखणार. तुम्ही उठा आता."

तो उठला. बॅग घेऊन, दार न लावता गेला. पावले जिन्यावरून उतरली. काकू माझ्यापाशीच होत्या, वाट पाहत होत्या. पण काका आले नाहीत. ते आत जाऊन प्लायवूडसमोर उभे राहिले.

करार मोडला. पैसे परत यायला मात्र फार दिवस गेले, आणि झालेल्या कामाचे म्हणून कंपनीने त्यातून कापलेच. शस्त्रक्रिया लांबली. ती झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवे होते. काकू आता काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जातात. गुडघा पुरता वाकत नाही. चेंडू कसा टाकतात ते दाखवायचे राहूनच गेले. मुलेही आता मोठी झाली.

ओट्याजवळचे प्लायवूड तसेच राहिले आणि दाराला आणखी एक कडी बसली. बेल वाजली की दोघे श्वास रोखून बसतात. परवा टपालवाला उभा राहून राहून परत गेला. आणि काका काकूंशी भांडत नाहीत. काहीही विचारले तरी म्हणतात, "तू म्हणशील तसं." बाहेरच्याला ते शहाणपण वाटेल. मला विचाराल, तर या घरातला सगळ्यात मोठा तोटा तोच.

काल दुपारी मात्र काका माझ्याजवळ आले. हातात मेणबत्तीचा तुकडा होता आणि वाटीत सरस व लाकडाचा भुसा. माझ्या फटींवरून त्यांनी मेण फिरवले. मग पेचकसाने पडलेल्या त्या भोकात ते भुसा भरू लागले. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. घरात तिऱ्हाईत कोणी नव्हते.

"अहो, ते लाकूड सडलंय. भरून टिकणार नाही."

काकांचा हात थांबला. मला वाटले, आता म्हणतील, तू म्हणशील तसं.

"टिकेल," काका म्हणाले.

"नाही टिकणार."

"तुला काय कळतं त्यातलं? जन्मभर सरस कोणी कालवला?"

काकू काठी टेकवत पुढे आल्या आणि माझ्या दुसऱ्या झडपेला टेकून उभ्या राहिल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना वर्षातून एकदा तरी हात लावा, आम्हाला तेवढे पुरते. आणि कोणी गोड बोलून आजच्या आज सही मागू लागला, तर त्याला आधी दाराबाहेर उभा करा. मग घरातली सगळी माणसे खिडकीपाशी या आणि एकमेकांना विचारा, तुला खरेच हवे आहे का? भांडण झाले तर होऊ द्या.

तुम्हाला म्हणून सांगते, बरोबर काकूंचेच आहे. ते लाकूड टिकायचे नाही, पुढच्या ओल्या दिवसांतच भरलेला भुसा सुटेल. पण त्या दोघांचे बोलून होईपर्यंत तरी मला तग धरायचा आहे.