आईच्या नावाचा केसपेपर

दुखणं मुलीच्या डोक्याला, आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे नाव लावलेलं आईचं. असली अक्कल अब्रूदार घरांतच सुचते.

मुलगी शाळेत शिकवायची. सहा महिन्यांपूर्वी तिच्या डोक्यावर नाण्याएवढा चट्टा पडला. खाज, खपल्या, मग टक्कल. एकाचे तीन झाले. शेजारणीची तेलं झाली, आत्याचे लेप झाले, डॉक्टर मात्र नको. का, तर लग्न जमत आलं होतं. "टकली पोरगी कोण करून घेणार?" असं वडिलांनी विचारलं, तेही कानावरचे चार केस टाळूवर ओढून बसवताना. त्यांच्याशी पंचवीस वर्षं संसार करणाऱ्या बायकोची कीव कुणी केली नव्हती.

खाजेने वर्गात उभं राहवेना, तेव्हा आईने तोड काढली. दुखणं आपलं म्हणून सांगायचं, औषध मुलीला लावायचं. दवाखान्यात नावं लिहून घेणारी बाई नवऱ्या मुलाची मावशी लागत होती ना! मुलगी नुसती सोबतीला, डोक्याला घट्ट स्कार्फ.

डॉक्टरीणबाईंनी आईचा अंबाडा सोडायला लावला आणि भिंगातून सगळं डोकं पाहिलं. केस कसले, नुसतं रान! आई मात्र खपल्या कशा पडतात ते रंगवून सांगत होती. बाई म्हणाल्या, डोकं ठणठणीत आहे. खरंच तसे चट्टे असते तर उशीर महागात पडला असता. वण धरला की मूळच मरतं, तिथे केस पुन्हा येत नाही.

मुलीने स्कार्फ सोडला.

"डोकं माझं आहे, डॉक्टर. आई खोटं बोलतेय."

बाईंनी पुन्हा भिंग उचललं. मधल्या चट्ट्यावरचे केस कायमचे गेले, म्हणाल्या. बाकीच्या दोन्हींवरचे आजपासून औषध घेतलं तर वाचतील. वेळेवर आली असतीस तर तिन्हींवरचे वाचले असते.

यावर आईने काय विचारावं? "लग्नापर्यंत झाकलं जाईल ना?"

धन्य ती माया! पोरीचं डोकं सडलं तरी चालेल, स्कार्फ सरकता कामा नये.

मुलगी उघड्या डोक्यानेच बाहेर आली, भरलेल्या बाकांसमोरून सरळ त्या मावशीच्या टेबलाशी.

"पुढच्या सोमवारी माझं नाव लिहा. आईचं नाही, माझं. आणि मुलाकडे कळवणार असाल तर चट्टे तीन आहेत, नीट सांगा."

मावशीने मान खाली घालून नाव लिहिलं. आई अजून आतच होती, स्कार्फ हातात धरून.

वाचकहो, तुमच्या घरात कुणाचं दुखणं असंच झाकून ठेवलंय, ते आज बघा. वण धरायच्या आत बघा.